बाकाभोवती

चष्मेवाल्यांना सायकल चालवता येत होती, उतरता येत नव्हतं.

ही गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या मुलीला ठाऊक होती, आणि तिलाही त्यांनी सांगितलेली नव्हती. बाबा फेरीहून आले की सायकलवर बसल्या बसल्याच दाराशेजारच्या खिडकीचे गज धरतात, वाकून बुटांचे पट्टे सोडतात आणि बूट पेडललाच लटकते ठेवून मोज्यांवर घरात येतात, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. नंतर आलं नाही.

सायकल स्पर्धेतली होती. वजनाला पिसासारखी, टायर बोटभर जाड, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. पेडल म्हणजे एक चाप होता. बुटाच्या तळाला एक कडक चकती असायची, ती चापात दाबली की खटकन बसायची आणि पाय सायकलचाच होऊन जायचा. सुटायचं तर टाच बाहेरच्या बाजूला झटकायची, की दुसरा खटका, पाय मोकळा. पंचविशीतल्या पोरांना हे चुटकीसरशी जमतं. चष्मेवाल्यांनी उभा जन्म उंच स्टुलावर बसून भिंगं घासण्यात काढला होता. त्यांचे पाय खुब्यापासून टाचेपर्यंत एकाच लाकडाचे झाले होते. सायकलवाल्यानं चापाची स्प्रिंग होती तेवढी सैल करून दिली, तरी टाच काही वळायला तयार नव्हती.

आता ह्या वयात असली सायकल घ्यायची कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर तळ्याकाठच्या एका बाकावर होतं.

बायको गेल्यावर चष्मेवाल्यांना सकाळ झेपेनाशी झाली. दिवसाचं काही नाही, दुकानात चार माणसं येत, कुणाची काडी मोडलेली, कुणाचा नंबर वाढलेला. पण पहाटे डोळा उघडला की कान आपसूक स्वयंपाकघराकडे लागायचे, भांड्याचा आवाज येण्याची वाट बघायचे, आणि मग आठवायचं. रोज नव्यानं आठवायचं. अशाच एका सकाळी कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले शेठ दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मी आणि हेडसर तळ्यापर्यंत सायकलनं जातो, एक माणूस कमी पडतोय, चला. सायकलच्या फेरीला माणूस कमी कसा पडतो, ती काय पत्त्यांची बैठक आहे, हे चष्मेवाल्यांनी विचारलं नाही. जुनी काळी सायकल काढली आणि निघाले.

तळ्याच्या काठाला एक मोकळं गोल मैदान होतं आणि त्याच्या मधोमध हा बाक. तिघं तिथं टेकत. हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, जगाला शिस्त कशी नाही ते सांगत. शेठ थर्मासमधून चहा ओतत. आणि एक दिवस चहा ओतता ओतता शेठ सहज बोलून गेले.

"तुमच्या घरच्या बाई एकदा साखरेत मुंगी निघाली म्हणून पुडा परत घेऊन आल्या होत्या. मुंगी वेगळी कागदात बांधून आणली होती. पुरावा म्हणून."

एवढ्या वर्षांच्या संसारात ही मुंगी चष्मेवाल्यांच्या कानावर आली नव्हती. ते इतके हसले की चहा शर्टावर सांडला. घरी परतताना त्यांच्या मनात आलं, ती अजून संपलेली नाही. थोडी शेठच्या दुकानात शिल्लक आहे.

तेव्हापासून बाकावर रोज काहीतरी निघायचं. तराजूकडे ती कशी टक लावून बघायची. उधारी मागणाऱ्या एका बाईचे पैसे तिनं परस्पर कसे चुकते केले. शेठला नातू झाला तेव्हा पेढे सोडून तिनं आधी त्यांच्या सुनेची चौकशी कशी केली. शेठ मोठे बोलके होते अशातला भाग नाही. काही दिवशी एखादंच वाक्य निघायचं. चष्मेवाल्यांना एका वाक्यावर दिवस काढता यायचा.

मग हेडसरांच्या पुतण्यानं शर्यती सोडल्या आणि आपली सायकल काकांना दिली. हेडसरांचं पोट हँडलला टेकायचं, समोर बघायचं तर मान मोडेस्तोवर वर करावी लागायची, पण सायकल सुसाट जायची. महिन्याभरात शेठच्या मुलानंही वडिलांसाठी तसलीच धाडली. गुडघ्याला मलम, कमरेला पट्टा आणि बुडाखाली शर्यतीचं घोडं, असे दोघं वाऱ्यावर निघून जात. चष्मेवाले काळ्या सायकलवर मागून दामटत येत. ते घामाघूम होऊन बाकाशी पोचायचे तेव्हा शेठ थर्मासचं झाकण लावत असायचे. "या, या," म्हणायचे, "आम्ही निघालोच होतो."

असं रोज झालं. झाकण लागलेलं बघून परत फिरायचं. शेवटी ते सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, काका, किती वेगानं जायचंय? चष्मेवाले म्हणाले, बाकावर वेळेत पोचलो म्हणजे झालं. दुकानदार हसला आणि त्यानं दुकानातलं सगळ्यात वेगवान जनावर दाखवलं. काळी सायकल बदल्यात ठेवून घेतली, जिच्या कॅरियरवर बायको एका बाजूला पाय सोडून बसायची ती. बूट हेडसर आणि शेठनी मिळून भेट दिले.

पहिल्या दिवशी चष्मेवाले त्यांच्या बरोबरीनं तळ्यावर पोचले. छाती अभिमानानं भरून आली होती. बाक आला. पुढच्या दोघांचे खटके वाजले, दोघं उतरले. चष्मेवाल्यांनी टाच झटकली. काही झालं नाही. पुन्हा झटकली. सायकल हळू झाली, डुलली, जमीन अंगावर आल्यासारखी वाटली, आणि भीतीनं त्यांनी जोरात पेडल मारलं. बाक मागे गेला.

"एक फेरी मारून येतो," ते ओरडून म्हणाले.

हे जे तोंडातून निघालं तेच पुढे गळ्यात अडकलं. हेडसर कौतुकानं म्हणाले, ह्याला म्हणतात दम. चष्मेवाले मैदानाला फेऱ्या मारत राहिले आणि हे दोघं बसून चहा पीत राहिले. दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी हेडसरांनी त्यांना 'दमदार' म्हणून हाक मारली, आणि दमदार माणसाला उतरता येत नाही हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मैदानात धरायला खांब नव्हता. कडेला एक झाड होतं. त्याला त्यांनी एकदा मिठी मारली, पण पट्टे सोडायला हात मोकळा होईना, आणि ते वटवाघळासारखे लोंबकळत राहिले. काय करताय, असं शेठनी लांबूनच विचारलं. "पाठ ताणतोय," ते म्हणाले.

बाकावर वेळेत पोचायला सायकल घेतली, आणि बाक तेवढा हातचा गेला. बसलेली माणसं मध्ये आणि आपण बाहेर गोल गोल. शेठचा आवाज कानावर यायचा तो तुकड्यातुकड्यानं. "बाई एकदा—" आणि मैदानाचं पलीकडचं टोक. परत बाकापाशी यावं तर हेडसर खो खो हसत असायचे. गोष्ट होऊन गेलेली असायची.

दुकानात वेगळंच सुरू झालं. सगळा भार हातांवर देऊन वाकून बसायचं, त्यामुळे त्यांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर झाली. चष्म्याच्या काडीचा स्क्रू मोहरीएवढा. तो चिमटीत धरला की आहे की नाही हेच कळेना. स्क्रू पडत, मुलगी गुडघ्यांवर बसून शोधी. डोळे तपासायचं काम तीच करायची. एकदा तिनं खालूनच, टेबलाखालून, विचारलं.

"बाबा, शेजाऱ्याचा चष्मा घालून आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

"की दिसेल, पण डोकं दुखेल."

"मग?"

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. तिनं स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. तो पुन्हा पडला.

मेहुण्यानं तर स्पष्टच सांगितलं. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याच तळ्यात सकाळी होडी वल्हवायचा. त्याची मूळची होडी प्लास्टिकची, रुंद, घंगाळासारखी. पायांशी डबा ठेवावा, मध्येच वल्हं आडवं टाकून पक्षी बघत बसावं. त्यालाही मध्यंतरी खूळ लागलं आणि त्यानं शर्यतीतली होडी आणली, लांबलचक आणि इतकी अरुंद की शिंक आली तरी उलटेल. आता ती त्यानं विकायला काढली होती.

"भाऊजी, त्या होडीत बसलं की मला तळं दिसायचंच नाही," तो म्हणाला. "पडायचं नाही, एवढंच दिसायचं. शर्यत लावणाऱ्याला ती ठीक आहे, त्याला पलीकडे पोचायचं असतं. मला कुठं पोचायचंय? मी परत माझं घंगाळ काढलं." आणि थोडं थांबून, "तुम्हाला पाण्यातून बघतो मी रोज. घाण्याच्या बैलासारखे दिसता."

चष्मेवाल्यांना राग आला, तो खरं बोलल्याचा. त्यांनी विषय बदलला.

त्याच सुमारास शेठनी दुकान विकलं. ते मुलाकडे, दुसऱ्या शहरात कायमचे राहायला निघाले होते. हेडसरांनी ही बातमी चालत्या सायकलवरच सांगितली. शेठ गेले म्हणजे दुकानात शिल्लक होती तीही गेली.

त्या सकाळी बाकाभोवती फिरताना त्यांनी कान टवकारले. शेठ हेडसरांकडे झुकून, हलक्या आवाजात बोलत होते. चष्मेवाल्यांना जवळून जाताना एवढंच ऐकू आलं:

"—म्हणाल्या, ह्यांना सांगू नका."

पुढच्या फेरीला दोघं गप्प होते. चष्मेवाल्यांकडे बघून शेठनी हात हलवला, आणि मान खाली घातली.

काय सांगू नका? दिवसभर त्यांच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. बायकोनं आपल्यापासून काय लपवलं? कर्ज? दुखणं? की आपल्याबद्दलच काही, जे वाण्याच्या दुकानात सांगण्याजोगं होतं आणि घरात नव्हतं? कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, पण कधी विचारलंही नव्हतं, कशी आहेस म्हणून. एका गिऱ्हाइकाला त्यांनी डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं. मुलीनं मुकाट्यानं परत घेतलं.

संध्याकाळी ते पायीच शेठच्या दुकानात गेले. फळ्या रिकाम्या होत्या, मुलगा खोकी बांधत होता, नवा मालक मोजमापं घेत होता. ह्या सगळ्यांत कसं विचारणार? तरी विचारलं. शेठ कावरेबावरे झाले. मुलाकडे एकदा बघून म्हणाले, "उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही ती. उद्या मी तळ्यावरूनच निघणार आहे, पोरगा गाडी घेऊन तिकडंच येतोय. उद्या जरा बसा की बाकावर. तुम्ही बसतच नाही हो."

मुलगी म्हणाली, मी स्कूटरवरून सोडते. सरळ साधा मार्ग होता. पण शेवटच्या दिवशी दमदारनं लेकीच्या मागे बसून जायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. त्याऐवजी त्यांनी खिडकीचे गज धरून टाच झटकण्याचा सराव केला. कधी नव्हे तो खटका वाजला. पुन्हा केला, पुन्हा वाजला. "जमलं," ते मुलीला म्हणाले. तिनं मान हलवली. गज धरलेले असताना जमलं, हे ती बोलली नाही.

सकाळी तिघं शेवटचे एकत्र निघाले. हवा स्वच्छ होती, रस्ता मोकळा. बाक दिसला. खटके वाजले, दोघं उतरले. चष्मेवाल्यांनी श्वास घेतला आणि उजवी टाच बाहेर फेकली.

पाय हलला नाही.

डावी. नाही. कालचा गज हाताला हवा होता आणि हातात मेंढ्याचं शिंग होतं. बाक मागे गेला. पहिली फेरी. दुसऱ्या फेरीला त्यांनी बुटाच्या पट्ट्याकडे हात नेला, सायकल भेलकांडली, बधिर बोटांना पट्टा सापडलाच नाही. बाकावरून जाताना ते ओरडले, "थांबा, शेठ, थांबा." शेठनी प्याला उंचावला. हेडसर म्हणाले, "मारा, मारा, आज शेवटची, मनसोक्त मारा."

मैदानाच्या तोंडाशी एक गाडी येऊन उभी राहिली. मुलानं हॉर्न वाजवला. शेठनी थर्मासचं झाकण लावलं.

ते झाकण चष्मेवाल्यांनी बघितलं. फेरी मारता मारता त्यांना दिसत होतं, शेठ उठले, शेठनी हेडसरांचे हात हातात घेतले, शेठ ह्यांची फेरी पुरी होण्याची वाट बघतायत, पुन्हा हॉर्न, शेठनी गाडीकडे एक पाऊल टाकलं. तळ्यात मेहुण्याची रुंद होडी होती, तोही वल्हं आडवं धरून इकडंच बघत होता. आता ही सायकल बाकापाशी थांबवायचा एकच मार्ग उरला होता. पडायची भीती होती म्हणूनच तर ते इतके दिवस फिरत होते. त्यांनी हँडल बाकाकडे वळवलं, पेडल मारणं सोडून दिलं आणि वाट बघितली.

सायकल हळू झाली. डुलली. क्षणभर सरळ उभी राहिली. मग चष्मेवाले तिच्यासकट डाव्या अंगावर, शेठच्या पायांपाशी कोसळले. मनगटात काहीतरी काडकन मोडलं. चष्मा उडून गवतात गेला.

हेडसर धावले, उचलायला लागले. "राहू द्या," चष्मेवाले म्हणाले. दोन्ही पाय अजून पेडलांत अडकलेले होते. "आधी सांगा. काय सांगू नका म्हणाली ती?"

"अहो, हात बघा तुमचा—"

"शेठ. मला उतरता येत नाही. कधीच येत नव्हतं. सांगा."

मुलाच्या हॉर्नकडे पाठ करून शेठ हळूहळू, गुडघा धरत, मातीत बसले.

गोष्ट फार मोठी नव्हती. तिला आपलं दुखणं कळलं त्याच दिवशी ती दुकानात आली होती. घरी सांगायच्या आधी. स्टुलावर बसली, पाणी मागितलं. म्हणाली, मी गेल्यावर ह्यांची सकाळ जाणार नाही. दिवसाचं मी बघितलंय, दिवस जाईल. तुम्ही तळ्यावर जाता ना, तर ह्यांना न्या. व्यायामबियाम त्यांना नको आहे, त्यांना शेजारी बसायला कुणीतरी हवं आहे.

"आणि म्हणाल्या, मी सांगितलं म्हणून ह्यांना सांगू नका. तुमचाच एक माणूस कमी पडतोय, असं सांगा," शेठ म्हणाले. "म्हणून मी तसं सांगितलं. आणि आम्ही काय केलं, तर तुम्हाला पळायला लावलं."

मेहुणा काठाला होडी लावून ओल्या पायांनी धावत आला होता. तो खाली बसला आणि त्यानं एकेक करून बुटांचे पट्टे सोडले. पाय बाहेर आले, बूट पेडलांतच राहिले. दोघांनी मिळून चष्मेवाल्यांना उचललं आणि बाकावर बसवलं. मोडलेला हात त्यांनी पोटाशी धरला होता. मोजे मातीनं माखले होते. समोर तळं होतं, आणि चष्म्याविना ते नुसतंच उजेडाचं दिसत होतं.

गाडीचं दार आपटल्याचा आवाज झाला. मुलगा उतरून येत होता, आता वडिलांना उठवायला.

"अजून काय म्हणाली?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

शेठनी डोकं खाजवलं. "अजून काही नाही. जाताना तांदूळ घेतले. नवेच जुने म्हणून खपवतोय म्हणून भांडल्या."

"त्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

"चांगली भांडली?"

शेठनी येणाऱ्या मुलाला हातानंच थांबवलं आणि ते बाकावर, चष्मेवाल्यांच्या शेजारी टेकले.

"अहो, पोतं उलटं करायला लावलं मला," ते म्हणाले. "ऐका."